मोर काढण्याआधी भिंत बघ

अरे, राष्ट्रपती भवनासाठी सोलापुरी चादरी विणायच्या, एवढं नाव ऐकलं म्हणून लगेच जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, मोर काढायला बसू नकोस. तिथं 340 खोल्या आहेत आणि वास्तुकार लुटियन्सनं इमारतीबरोबर फर्निचरही आखलं होतं. त्या जुन्या लाकडाशेजारी आपली भडक चादर ओरडते बे! भिंत, पडदा, गालिचा दिवसाच्या उजेडात बघ, मगच रंग ठरव. सूत एकाच लॉटमध्ये रंगवून थोडं शिल्लक ठेव. वर्षानं चार चादरी वाढवून मागितल्या की तीच छटा पुन्हा लागत नाही. मी हात पोळून घेतलाय. सूत आटतं, म्हणून माप धुतल्यानंतरचं धर. टेरी टॉवेल मात्र बिनधास्त दाखव, चादरीसारखंच त्यालाही सोलापूरचं भौगोलिक मानांकन आहे. आणि दिल्लीआधी हैदराबादची गाडी पकड; तिथं बोलारमचं राष्ट्रपती निलयम, म्हणजे राष्ट्रपतींचं दक्षिणेतलं निवासस्थान, आता लोकांना बघता येतं.