तोरणमाळला काढलेल्या आकाशगंगेच्या फोटोत नारिंगी धूर का येतो? कॅमेरा बदलावा का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: जळगावहून एप्रिलच्या अमावास्येला मुद्दाम तोरणमाळ गाठलंत. साधा डीएसएलआर कॅमेरा, त्याच्यासोबतच मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आणि ट्रायपॉड होता. रात्री दहाच्या सुमारास पठाराच्या कडेवरून दक्षिणेकडे तोंड करून तीस-तीस सेकंदांचे फोटो काढलेत. आकाशगंगा आली नाही, खाली नारिंगी धूर आला आणि तारे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले आले.

भाऊ, कॅमेरा अजिबात बदलू नका. तो नारिंगी पट्टा म्हणजे आमचं शहादा. मी इथेच राहतो आणि आठ वर्षांपासून रात्रीचे फोटो काढायला सातपुड्यात जातो. पहिली दोन वर्षं माझ्याही प्रत्येक फोटोत माझंच गाव उजळलेलं असायचं. तोरणमाळ शहाद्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, गाडीरस्त्याने पन्नासेक किलोमीटर, पण हवेतून त्याहून बरंच जवळ. म्हणजे वर जाऊन तुम्ही दक्षिणेकडे पाहता तेव्हा अख्खं तापीखोरं दिव्यांसकट समोर पसरलेलं असतं. आणि आकाशगंगेचा दाट, तेजस्वी भाग, धनु-वृश्चिकेकडचा, आपल्याकडून दक्षिणेलाच दिसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की खान्देशात आधी दिशा ठरवायची आणि जागा नंतर. आपला मुलूख परातीसारखा आहे. उत्तरेच्या काठाला सातपुडा, दक्षिणेच्या काठाला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मध्ये तापी-गिरणेचं सपाट खोरं, आणि शहरं, कारखाने, हायवे सगळं त्या खोऱ्यात. मग उत्तरेच्या काठावर उभं राहायचं तर तोंड उत्तरेला करायचं, नर्मदेकडे. दक्षिणेची आकाशगंगा हवी असेल तर दक्षिणेच्या काठाला जायचं, चाळीसगावच्या बाजूला, आणि शहर पाठीशी ठेवायचं. डोंगराच्या पायथ्याला उभं राहिलात तर समोरची रांग क्षितिजावरचा उजेड अडवते. आकाशगंगेचा मध्य, म्हणजे तोच दाट भाग, तिथून साधारण ४० अंश उंच चढतो. एक किलोमीटरवरचा तीनशे मीटरचा डोंगर फार तर १७ अंश झाकतो, त्यामुळे काहीच हातचं जात नाही, उलट फोटोला खाली काळी कड मिळते.

त्या बाजूला पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आकाशाचं गणित जिथे शिकवलं जायचं त्या डोंगराखाली ट्रायपॉड लावताना मला दर वेळी वेगळं वाटतं. पण पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येते आणि तिथे बिबटे आहेत. रात्री हद्दीत शिरायचं नाही. हद्दीबाहेर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहायचं आणि कन्नड घाटाच्या रस्त्यापासून लांब, कारण चढणाऱ्या गाड्यांचे दिवे वळणावळणाला थेट लेन्समध्ये येतात.

आता वेळ. एप्रिलच्या मध्यावर आकाशगंगेचा मध्य रात्री साडेअकराच्या पुढे उगवतो. तुम्ही दहाला आभाळ टिपत होतात तेव्हा तो क्षितिजाखालीच होता. मार्चच्या मध्यावर तो पावणेदोनच्या आसपास उगवतो, म्हणून तीन ते सव्वापाच हा काळ चांगला. मेच्या मध्यावर रात्री पावणेदहाला वर यायला लागतो आणि पावणेतीनच्या सुमारास सगळ्यात उंच असतो. जून ते सप्टेंबर ढग. ऑक्टोबरात तो संध्याकाळी पश्चिमेकडे कलतो आणि लवकर बुडतो.

अमावास्येचाच हट्ट धरू नका, घरातली दिनदर्शिका उघडून तिथी बघा. मार्चमध्ये काम पहाटेचं असतं, म्हणून शुक्ल पक्षातली सप्तमीसुद्धा चालते, चंद्र तोवर मावळलेला असतो. मला सगळ्यात आवडते ती मेमधली शुक्ल चतुर्थी. चंद्र दहाच्या आसपास मावळतो. त्याच्या उजेडात आधी डोंगर, झाडं, बांध यांचा एक फोटो काढून ठेवायचा, मग कॅमेरा जागचा न हलवता अंधार पडायची वाट बघायची आणि आकाशाचे फोटो घ्यायचे. जमीन आणि आकाश नंतर जोडता येतात.

धुराचंही आहेच. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात मोहफुलं वेचायचा हंगाम असतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तो लोकांच्या पोटापाण्याचा भाग आहे, त्याला नावं ठेवू नयेत, पण तो धूर रात्री दरीत बसतो आणि खालचा उजेड त्यावर पसरतो. वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की दुसऱ्या रात्री हवा धुतल्यासारखी असते. ती रात्र मी चुकवत नाही.

फुगलेले तारे ही फोकसची चूक आहे. ऑटोफोकसला अंधारात काही सापडत नाही, आणि किट लेन्स अनंतावर म्हणजे शेवटपर्यंत फिरवली की ती अनंताच्याही पुढे जाते. लेन्स मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं थेट चित्र, चालू करा, एखादा ठळक तारा पडद्याच्या मधोमध आणा, चित्र दहापट मोठं करा. रिंग केसभर फिरवत राहा. तारा आधी मऊ गोळा दिसेल, मग लहान होत होत टिंब होईल आणि पुन्हा फुगायला लागेल. तो फुगायला लागला की केसभर मागे या. टिंब सगळ्यात बारीक असेल तिथे रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. झूमलाही लावा, नाहीतर कॅमेरा वाकवताना ती घसरते. हे करायला मला अजून पाच-सात मिनिटं लागतात आणि मी ती देतो.

तीस सेकंद दक्षिणेला जास्त होतात, तेवढ्यात तारे सरकून त्यांच्या रेघा होतात. ५०० भागिले फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) म्हणजे चालतील तेवढे सेकंद, हा ढोबळ नियम आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून १८ला दीडने गुणायचं, २७. उत्तर येतं साडेअठरा सेकंद, मी पंधरावरच थांबतो. अपर्चर (लेन्सचं भोक) ३.५, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरायची सोय) बंद. एकच फोटो दाणेदार येईल. तसेच लागोपाठ सोळा काढा आणि संगणकावर एकावर एक रचा, दाणे चौपट कमी होतात. सिक्वेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जमीन स्थिर ठेवून तारे जुळवतं.

आणि तोरणमाळ सोडू नका. ते उत्तरेसाठी सोनं आहे. यशवंत तलावाच्या दक्षिण काठाला उभं राहून उत्तरेकडे वळा. ध्रुव तिथून २२ अंशांवर असतो. हात ताठ करून वीत पसरली की ती साधारण २० अंश भरते, तेवढं वर बघा, सापडेल. त्याच्या शेजारचे तारे हळू सरकतात, त्यामुळे इथे तीस सेकंद सहज चालतात. आयएसओ ८०० ते १६००, कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर, रिमोट केबलचं बटण दाबून अडकवून ठेवायचं. हे सगळे फोटो नंतर एकत्र जोडले की ताऱ्यांच्या रेषा दिसतात, दोन तासांत तारे ३० अंशांचा कंस काढतात. एक लक्षात ठेवा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवं. ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ दुसरा काळा फोटो घेत बसतो आणि रेषा तुटक येतात.

तिथे एका डिसेंबरात मी एक अख्खी रात्र घालवली ती दवामुळे. पाण्यालगत कॅमेरा लावला, दोनशे चाळीस फोटोंचा हिशोब केला आणि लांब जाऊन बसलो. परत येऊन टॉर्च तिरपा धरला तर लेन्सची काच खडू फासल्यासारखी पांढरी. पहिले सत्तर फोटो बरे होते, पुढच्यांत तारे एकेक करून विझत गेलेले. तेव्हापासून कॅमेरा पाण्यापासून थोडा उंचावर लावतो, लेन्सभोवती लोकरी मोजा गुंडाळतो आणि त्यात ट्रेकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या गरम पुड्या खोचतो. दर वीस मिनिटांनी काच बघतो.

त्याच हिवाळ्यात एका पावरा आदिवासी आजोबांच्या शेताशेजारी फोटो काढत होतो. त्यांच्या शेकोटीचा तांबडा उजेड समोरच्या झाडावर पडत होता. मी विचारलं, तर काही न बोलता त्यांनी निखाऱ्यांवर राख ओढली आणि घोंगडी घेऊन शेजारी येऊन बसले. थंडी चांगलीच होती. रेषांचं वर्तुळ दाखवलं तेव्हा त्यांनी मधल्या टिंबावर बोट ठेवून मान हलवली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. म्हणून सांगतो, दिवस मावळायच्या आत जवळच्या पाड्यात जा, पोलीस पाटलांना भेटा, काय करणार ते सांगा. अंधारात अनोळखी माणूस दिवा फिरवताना दिसला की लोकांच्या मनात चोराची शंका येते, आणि ती रास्त आहे. वन खात्याचीही परवानगी आधी घ्या, आणि एकटे जाऊ नका.

पुढच्या खेपेला आधी तोरणमाळला उत्तरेचे तारे करा, डिसेंबर-जानेवारीत. तिथे फोकस आणि दव दोन्ही हाताखाली येतील. मग मार्चमध्ये चाळीसगावकडे. पहिली रॉ फाइल आली की इथेच खाली टाका, फोकस कुठे चुकलाय ते मोठं करून सांगतो.