ट्रीटी : तह, करार की संधी?

प्रश्न असा आहे : ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या 'ट्रीटी'च्या बातम्यांत कुणी 'करार' लिहितं, कुणी 'संधी'. मराठीत काय लिहावं?

'तह' लिहावं. 'संधी' हिंदीत रुळला आहे, पण मराठीत 'व्हिक्टोरियात आदिवासींशी संधी' वाचून माणूस थबकतो.

'करार' चुकीचा नाही, पण त्यात आदिवासींच्या मागणीचा गाभाच निसटतो. करार घरमालक आणि भाडेकरू यांच्यातही होतो. तह दोन सत्तांमध्ये होतो : पुरंदरचा, सालबाईचा, वसईचा. रयतेला कौल मिळे, सनद मिळे. रयतेशी कुणी तह करत नसे. ऑस्ट्रेलियातलं भांडण नेमकं इथेच आहे. 1835 मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतकऱ्याने आजच्या मेलबर्नजवळ तिथल्या वडीलधाऱ्यांशी दस्त केला. ब्लँकेटं, सुऱ्या, पीठ देऊन लाखो एकर जमीन! व्यवहार लबाडीचाच होता, पण गव्हर्नर बर्क यांनी तो लबाडीसाठी रद्द केला नाही. जमीन ब्रिटिश राजसत्तेची, ती देण्याचा हक्क आदिवासींना नाही, हे त्यांचं कारण.

1988 मध्ये बरुंगा इथे पंतप्रधान बॉब हॉक यांनी ट्रीटीचं वचन दिलं. ते पाळलं गेलं नाही. देश आपल्याच नागरिकांशी ट्रीटी कशी करणार, हा तेव्हाचे विरोधी पक्षनेते जॉन हॉवर्ड यांचा आक्षेप. त्यात 'करार' घालून पाहा : आक्षेपाला अर्थच उरत नाही, कारण सरकार नागरिकांशी रोज करार करतं. उलट आदिवासी प्रतिनिधींनी 2017 मध्ये उलुरू इथे ठामपणे सांगितलं की आमचं सार्वभौमत्व आम्ही कधीच सोडलेलं नाही. हे बोलणं तहाचं आहे.

तह लढाईनंतर होतो, इथे लढाई कुठे होती, असं कुणी विचारेल. होती. आदिवासींच्या कत्तली 1928 च्या कॉनिस्टन हत्याकांडापर्यंत चालल्या. 'लढाईत जिंकले, तहात हरले' या आपल्या म्हणण्यातली धास्तीही तिथे खरीच आहे. 2023 च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाचा प्रस्ताव सहाही राज्यांनी फेटाळला. क्वीन्सलँडने तहाच्या वाटेचा कायदा 2024 मध्ये रद्दच केला.

व्हिक्टोरिया राज्याने मात्र 2019 मध्ये आदिवासींची निवडून आलेली सभा उभी केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तहावर सह्या झाल्या. त्यातून 'गेलुंग वार्ल' ही कायमची प्रातिनिधिक संस्था आली. तिथल्या गुनाइकुर्नाई आदिवासींच्या भाषेत याचा अर्थ भाल्याचं टोक. हा तह राज्याच्या कायद्याच्या आधाराने उभा आहे, म्हणून एखादा वकील 'करार'च म्हणेल. तरीही सही करणाऱ्या दोन्ही बाजू त्याला ट्रीटी म्हणतात, तेव्हा आपण त्यांना खालच्या पायरीवर का उतरवावं?

खाणकंपन्यांशी जमिनीच्या वापराबद्दल जे होतात, ते करारच. आणि ट्रीटीच्या चर्चेत येणारा, उत्तरेकडच्या योल्ङू आदिवासींचा 'मकाराता' हा शब्द तसाच ठेवावा. भांडणानंतर एकत्र येण्याच्या त्या विधीत अपराध्याच्या मांडीत भाला मारत. 'समेट' म्हटलं तर तो भाला गळून जातो.