जुन्या ३५ एचपी ट्रॅक्टरला किती फुटी रोटाव्हेटर चालेल? जमीन काळी आहे, ५ फुटी घ्यायचा विचार आहे.

५ फुटी नका घेऊ, काळ्या रानात ४ फुटीच घ्या, फार तर साडेचार. कारण ३५ एचपी म्हणजे इंजिनची ताकद, पीटीओला (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) त्यातले साधारण ३० पोचतात आणि मशीन जुनं म्हटल्यावर त्याहून कमीच, आणि काळ्या रानात ५ फुटीला तेवढी ताकद पुरत नाही. माझ्याकडे ३५चाच जुना ट्रॅक्टर आहे, शेजाऱ्यांचा ५ फुटी लावून बघितला तर ओलसर ढेकळात काळा धूर, आरपीएम (इंजिनचे फेरे) एकदम खाली आणि माती बारीक व्हायच्या ऐवजी नुसती वरवर खरवडली जायची, असं रोज चालवलं तर क्लच आणि इंजिन दोन्ही लवकर दुरुस्तीला येतात.

३५ एचपीला बाकी अवजारं:
- कल्टीवेटर ७ फणी, ९ फणी फक्त हलक्या रानात
- पलटी नांगर एकच फाळी

४ फुटीला मागच्या चाकाची चाकोरी उघडी राहते, म्हणून ऑफसेट करून एका बाजूला सरकवून बसवा. जमीन मुरमाड किंवा हलकी असती तर आधी कल्टीवेटर मारून, वापश्यावर (मशागतीपुरता ओलावा असताना), लो फर्स्ट गिअरला ५ फुटी निघाला असता.