शिकवलं तर उद्या मला कोण विचारणार?

"मॅडम, सगळं शिकवून बसलो तर उद्या मला कोण विचारणार?" हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडं दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतंच. यावेळी आले ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतले (धातू ओतून भाग बनवायचा कारखाना) काका (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), रिटायरमेंटला तीन वर्षं, रात्री झोप लागेना म्हणून काकूंनी धाडलेले.

झालं असं की कंपनीनं स्कीम काढली, आपल्या कामातलं लिहून द्या, दर एन्ट्रीला पाचशे रुपये. काकांनी पंधरा दिल्या. साच्याच्या वाळूला, म्हणजे सँडला, मिक्सर किती मिनिटं, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकणमाती) किती, मॉइश्चर तीन ते चार टक्के, सगळं. तरी पावसाळ्यात काका रजेवर गेले की ब्लोहोल (ओतलेल्या धातूत राहणारी हवेची पोकळी) आणि रिजेक्शन हायच. साहेब म्हणाले, काका मुद्दाम लपवतात. ते जिव्हारी लागलं.

खरं सांगते, मलाही आधी तसंच वाटलं. म्हटलं, राहिलंय तेही लिहून टाका की. काका काही न बोलता उठले, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती उचलली (मी मनात तुळशीला सॉरी म्हटलं), मूठ आवळून उघडली. "ही आमची सँड नव्हं, पण बघा. बोटांचे ठसे उठले पायजेत, तळव्याला चिकटता कामा नये, मोडली की कड शाबूत राहायला पायजे. आता हे 'पायजे' म्हणजे किती, ते कागदावर कसं लिहू?"

मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ सालीच लिहून ठेवलंय की माणसाला सांगता येतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि २००० साली ऑस्टरलो आणि फ्राय या झुरिकच्या दोघा अभ्यासकांनी पुढचं मांडलं, की लिहिता येतं ते मोजता येतं म्हणून त्याला पैसे लावता येतात, पण हातातलं ज्ञान कुणी किती दिलं हे मोजायचं कसं, ते माणूस आतून वाटलं तरच देतो, आणि बक्षिसाच्या नादात कधी कधी ते आतलं वाटणंच आटतं. काकांचं तेच झालेलं, पंधराव्या एन्ट्रीनंतर ते पाचशेच मोजत होते.

पण नुसतं एवढंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत साचे करणाऱ्या एका मोल्डरनं पोरगा तयार केला आणि सहा महिन्यांत त्या मोल्डरलाच कंपनीनं घरी बसवलं. मग भीती खोटी कशी म्हणायची? "घाबरू नका हो" असं सांगणारे समुपदेशक मला पटत नाहीत.

मी विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? तर अर्धा तास त्यांच्या उस्तादाबद्दलच बोलले, शिफ्ट सुटल्यावर थांबवून घ्यायचा, डोळे झाकून सँड ओळखायला लावायचा. चेहराच बदलला माणसाचा.

मग दोन गोष्टी ठरवल्या. साहेबांकडून तीन वर्षांसाठी ट्रेनर म्हणून लेखी घ्यायचं, आणि हाताखालचा पोरगा स्वतः निवडायचा. लेखी मिळायला दीड महिना गेला, तेवढ्यात दोनदा रागावून सोडतो म्हणाले. निवडला कोण, तर गोकाककडचा, मराठी जेमतेम. काकांचं कन्नड बाजारापुरतं. पण मुठीला भाषा कशाला लागते!

जुलैत फोन आला. "मॅडम, आज पोरगं माझ्या आधी 'साकु' म्हणालं, पाणी बस झालं म्हणून. आणि बरोबर होतं." मग जरा गप्प. "थोडं वाईट पण वाटलं हो."

"वाटणारच की," मी म्हटलं. "आणि झोप?"

"लागालीय."