वगळलेल्या नोंदी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रस्त्यावरच्या एका रेघेवरून लागोपाठच्या दोन गाड्या किती सेकंदांच्या अंतराने जातात, त्या मोजणीचा तुझा आलेख मिळाला. वक्र इतका छान बसलाय की मला शंकाच आली. तक्त्याखाली बारीक अक्षरांत सापडलं: 'अर्ध्या सेकंदाखालची अंतरं चूक समजून वगळली.' का गं?

तासाला ६०० गाड्या, म्हणजे सरासरी अंतर ६ सेकंद. ॲडम्स या अभ्यासकाने १९३६ मध्ये वाहतूक यदृच्छ मालिका (गाड्या कधीही, एकमेकींशी संबंध न ठेवता येतात अशी) मानून मांडली, तसं घातांकी वितरण, म्हणजे छोटी अंतरं पुष्कळ आणि मोठी कमी कमी होत जाणारी, धरलं तर रस्ता ओलांडायला ८ सेकंद लागणाऱ्या आजीला पुरेल असं अंतर शंभरात सव्वीसदा मिळतं. आणि शंभरातली पंधरा अंतरं एका सेकंदाच्याही आत येतात. एकामागोमाग मोटारी धावणाऱ्या लेनमध्ये हे पटत नाही, म्हणून पुस्तकं वक्र थोडा उजवीकडे सरकवतात. तू पुस्तकाचं ऐकलंस. पण आपल्याकडे दोन स्कूटरवाले गप्पा मारत जोडीने तुझी रेघ ओलांडतात. तो शून्य सेकंद खराच आहे! एका रेषेत चालणाऱ्यांचं गणित त्यांना लावू नकोस. लेनची रुंदीही नोंदीत घे.

दुसरं, तू पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मोजलंयस. तो हेडवे, गॅप नव्हे; गॅप म्हणजे पुढची गाडी पूर्ण गेल्यापासून मागची येईपर्यंतचा मोकळा वेळ. १२ मीटरची बस ताशी ३० किलोमीटरने जाताना त्यातले १.४ सेकंद स्वतःच खाते. आजीच्या वाट्याला उरतं ते गॅप.

आता गोव्यातलं रायबंदर. चोडणची फेरीबोट धक्क्याला लागली की आधी स्कूटर सुटतात, मागून मोटारी, मग रस्ता पुन्हा सुस्त. मी तिथे मोजणी केली तेव्हा कुठलाच वक्र बसेना. पंधरा दिवस सूत्रं बदलत बसलो. शेवटी वही चाळताना दिसलं, ठरावीक जागी माझं अक्षर पार बिघडलंय. घाईघाईत लिहिलेले आकडे. प्रत्येक वेळी तिथे बोट आलेली! कोवन या अभ्यासकाचं १९७५ चं प्रारूप अशा ठिकाणी कामी येतं: काही गाड्या घोळक्यात, किमान अंतर राखून, बाकीच्या मोकळ्या. तरी बोटीच्या वेळा समासात लिहायच्याच, कारण घोळक्यांचं प्रमाण तासभर एकच राहत नाही.

घातांकी वितरणात प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप, सरासरीइतकंच असतं. तुझ्या कच्च्या नोंदींवर एवढं आधी करून बघ. सरासरी ६ आणि विचलन ११ निघालं, तर वक्र बसवायच्या आधी घोळके शोध.

वगळलेल्या नोंदी पाठव. त्या किती होत्या, तेही तू लिहिलेलं नाहीस.