बाहेरच्या ख्रिस्ती संस्थांनी स्थानिक मंडळीचं काम करावं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या तुमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विधवांचं धान्य, संडे स्कूल आणि तरुणांची सभा हे सगळं आता बाहेरच्या ख्रिस्ती संस्था चालवतात, तर ते योग्य का. धान्याचं काम मंडळीनेच करायला हवं. यावर माझं मत बदलणार नाही, म्हणून आधी धान्याबद्दलच लिहिते.

संस्थेचं किट बहुधा असं असतं: ५ किलो तांदूळ, ५ किलो आटा, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, चहा, मीठ. एकट्या आजीला तेवढंच आणि सात माणसांच्या घरालाही तेवढंच. आजीला मधुमेह असेल तर साखर शेजारी जाते. दहा बाय दहाच्या खोलीत जुलैच्या दमट हवेत ५ किलो आट्याला महिन्याच्या आत जाळी धरते. यादीत तिचा आधार क्रमांक असतो, पण गुडघ्यामुळे ती तीन रविवार उपासनेला आली नाही, हे लिहायला रकाना नसतो. संस्थेची माणसं वाईट नसतात. त्यांना ठरलेली किटं ठरलेल्या तारखेच्या आत वाटून फोटोसकट अहवाल द्यायचा असतो. प्रकल्प बारा किंवा चोवीस महिन्यांचा. तो संपला की यादी त्यांच्या ऑफिसात जाते आणि मंडळीच्या हातात एक नावही उरत नाही.

मंडळीला हे झेपतं का? झेपतं. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून भात टाकताना एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात. हिशोब करून बघा. मूठ साधारण ४० ग्रॅमची धरा. साठ घरं, दोन वेळा, तीस दिवस: महिन्याला १४४ किलो. बारा घरांना प्रत्येकी १२ किलो.

अडचण येते ती वेगळीच. साठ घरचे तांदूळ एका पिंपात ओतले की कोलम, उकडा, कणी, जुना, नवा असं सगळं एकत्र होतं. एक दाणा शिजून गळतो, दुसरा कच्चाच राहतो. शिवाय एका घरच्या तांदळात टोके असले की आठवड्यात सगळ्या पिंपात होतात. म्हणून पिंप ठेवू नका. चाळीप्रमाणे किंवा बिल्डिंगप्रमाणे सात-आठ घरांचा गट करा आणि प्रत्येक गटाने एकच तांदूळ द्यायचा असं ठरवा. गोळा केल्यापासून चार दिवसांत वाटप संपवा. तरीही मिसळलाच तर चक्कीवर दळून आणा, भाकरीला चांगला लागतो. जून ते सप्टेंबर तांदळाऐवजी मुठीचे पैसे पाकिटात घ्या आणि वाण्याकडून एकदम डाळ-तेल आणा.

त्याआधी सरकारी रेशन बघा. अन्नसुरक्षा यादीत नाव असेल तर बहुतेकांना माणशी ५ किलो धान्य मिळतं. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईच्या बोटाचे ठसे झिजलेले असतात, दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत येते. तिच्याबरोबर दुकानात जाऊन दुसरं बोट लावून बघणारं, नाहीच जमलं तर रेशनिंग ऑफिसपर्यंत जाणारं माणूस लागतं. हे काम कुठल्याच किटमध्ये बसत नाही. महिला मंडळातल्या दोघी ते एका सकाळी करतात.

कॅथलिक पॅरिशमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, जी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, तिची रीत हीच: घरी जायचं आणि दोघांनी जायचं. ती संस्था बाहेरची खरी, पण तिचे सभासद त्याच पॅरिशचे. अशी संस्था मला चालते. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत काही विधवा वगळल्या जात होत्या, तेव्हा मंडळीने आपल्यातलेच सात जण निवडले.

"आम्ही गरीब, बाहेरून आलं तरच होतं" हे मी पंचांच्या सभेत इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं उत्तर लिहूनच टाकते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ मध्ये आलं. त्याच मिशनची सूत्रं बॉस्टनहून हलवणारे रूफस अँडरसन म्हणत की मंडळीने स्वतःच्या पैशावर उभं राहावं, स्वतःचा कारभार करावा, स्वतः सुवार्ता सांगावी. १९१७ मध्ये कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनच्या पगारावर न राहता स्वतंत्रपणे काम करायचं म्हणून याच मिशनची नोकरी सोडली. म्हणजे ही मागणी आपल्याच घरातली आहे आणि शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि बाहेरच्या पैशाचा भरवसा किती? सप्टेंबर २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. ज्या मंडळीचं धान्य किंवा प्रचारकाचा पगार अशा पैशावर होता, तिचा आधार एका कायद्याने गेला. साठ घरांच्या मुठी कुठला कायदा थांबवत नाही.

संडे स्कूलचं थोडक्यात सांगते. पुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण बाहेरून घ्या, वर्गावर मात्र मंडळीचंच माणूस हवं. तरुणांच्या सभेलाही हेच लागू. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि शिस्तीचे विषय बाहेरच्यांकडे देऊच नका.

एक मात्र मान्य करायला हवं. पवित्र शास्त्राचं भाषांतर आणि छपाई, दवाखाने, पाळकांचं शिक्षण ही एकट्या मंडळीची कामं नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरासारख्या वेळीही येईल ती मदत घ्यावी. घरात मारहाण, व्यसन, मुलांवर अत्याचार असे प्रसंग मंडळीत दाबू नयेत, त्यातल्या जाणकारांकडे आणि पोलिसांकडे जावं. दहा-बारा घरांच्या मंडळीने शेजारच्या मंडळीला जोडून घ्यावं.

तुम्ही येत्या रविवारी एवढं करा: संस्थेकडून धान्याची यादी मागून घ्या आणि शंभर पानी वहीत उतरवा. नाव, खोली, माणसं किती, काय खात नाही, रेशनकार्ड पिवळं की केशरी, अंगठा लागतो का, कोण दोघी गेल्या, कधी. शेवटचे दोन रकाने रुंद ठेवा, ते दर महिन्याला भरायचे असतात.