आधी दुसऱ्याच्या बोटीत बस

वाई, रविवार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप काल रात्री वाचला आणि सकाळी उठून आधी हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू फक्त "हो काकू, हो काकू" करतेस आणि निम्मं विसरतेस. हे जपून ठेव.

तुला वॉटर स्कीइंग शिकायचंय, म्हणजे पायात लांब फळ्या (स्की) घालून, बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून जायचा खेळ, आणि त्यातही एकाच स्कीवर वळणं घेत जायचं स्लॅलम. तू विचारलंस, "वासोटा किल्ल्याच्या पर्यटकांच्या सीझनमध्ये चार पैसे जमलेत, स्लॅलमची स्की कोणती घेऊ?"

कुठलीच घेऊ नकोस. निदान वर्षभर तरी नको. स्लॅलमची एकेरी स्की माणसाचं वजन, बोटीचा वेग आणि पायाचं माप बघून निवडतात. तू अजून पाण्यावर उभीच राहिलेली नाहीस, मग माप कशाचं घेणार? आणि स्की घरी आली तरी ती भिंतीला टेकून उभी राहील, कारण हा खेळ स्कीपासून सुरू होतच नाही. मला भेटलेला प्रत्येक स्कीअर दुसऱ्याच्या बोटीतून यात आला. कुणाच्या मामाची बोट होती, कुणाच्या शेजाऱ्याची, कुणी उन्हाळ्यात तळ्यावर कामाला होता. मीही तशीच आले.

मी छत्तीस वर्षांची होते. यांच्या नोकरीमुळे आम्ही फ्लोरिडात होतो आणि मीही तिथे एका ऑफिसात काम करत होते. एका शुक्रवारी शेजारच्या टेबलवरच्या बाईनं विचारलं, "उद्या सकाळी मोकळी आहेस का? बोटीत तिसरं माणूस हवंय." तिथल्या कायद्याप्रमाणे स्कीअरला ओढताना त्याच्यावर नजर ठेवणारं माणूस बोटीत लागतं, नाहीतर मागचं सगळं दिसेल असा रुंद आरसा. तिच्या बोटीला आरसा नव्हता. मी आरशाच्या जागी गेले.

तीन शनिवार मी नुसती बसले, पाठ पुढे आणि तोंड मागे करून. त्या तीन शनिवारांनी मला जे दिलं ते पुढे कुठल्या शिकवणीनं दिलं नाही. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून आडवा हात म्हणजे बंद कर. पडलेल्या माणसानं दोन्ही हात डोक्यावर नेले की तो ठीक आहे. हात वर आले नाहीत तर ड्रायव्हरला ताबडतोब सांगायचं. पाण्यातल्या माणसाकडे परत जाताना तो कायम ड्रायव्हरच्या बाजूला, ड्रायव्हरला दिसत राहील असा ठेवायचा आणि जवळ गेल्यावर इंजिन बंद करायचं. नुसतं न्यूट्रल नव्हे, बंद. हे बोट चालवणाऱ्या तुझ्या दादालाही वाचून दाखव.

चौथ्या शनिवारी तिनं मला पाण्यात उतरवलं. एक स्की नाही, दोन. पोहायला मी सांगलीत कृष्णेच्या घाटावर शिकले होते, पाठीला वाळका भोपळा बांधून, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. पण तीच सवय आड आली. नदीत वाढलेल्या माणसाला होडी दिसली की हातानं काठ धरून अंग वर ओढायची खोड असते. दोर ताणला आणि मी हँडल छातीकडे ओढलं. तोंडावर आपटले. दुसऱ्यांदा घाईनं उभी राहायला गेले, पुन्हा तोंडावर. तिसऱ्यांदा पडले तरी हँडल सोडलं नाही. मोठा शूरपणा वाटला होता मला. बोटीनं मला पाण्याखालून फरफटत नेलं आणि उजवा खांदा महिनाभर दुखत राहिला. म्हणून पहिला धडा सोडण्याचा घे. तोल गेला की त्याच क्षणी हँडल सोडायचं.

उभं राहणं ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. गुडघे छातीशी, हात सरळ, स्कीची टोकं पाण्याबाहेर, आणि तशीच मुटकुळं करून बसून राहिले. बोट पुढे गेली, पाणी तळव्याखाली घट्ट झालं आणि त्या पाण्यानंच मला वर उचललं. तुला उभं करण्याचं काम बोटीचं आहे गं. तू फक्त मधे येऊ नकोस.

ज्यानं हा खेळ शोधला त्यालाही हेच सापडायला वेळ लागला होता. राल्फ सॅम्युएलसन, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा अठरा वर्षांचा पोरगा. १९२२ च्या उन्हाळ्यात लेक पेपिनवर त्यानं आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग आठ फुटी पाइनच्या फळ्या आणल्या, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. बोटीवर त्याचा भाऊ होता. इतकं करूनही तो पडतच होता. २ जुलैला तो अंग मागे रेलून, टोकं पाण्याच्या वर धरून बसला आणि उठला. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडणाऱ्या आपल्या लोकांना त्याची ही खटपट लगेच कळेल. आणि बोटीवर भाऊ होता, हे विसरू नकोस. त्याकडे मी परत येणार आहे.

दोन स्कीवर सराव पक्का होईपर्यंत, बोटीमागची लाट दोन्ही बाजूंनी ओलांडता येईपर्यंत एका स्कीचं नाव काढू नकोस. मग सरळ जाताना एकेक पाय दोन-तीन सेकंद उचलून बघ. ज्या पायावर तोल जास्त टिकतो तो पुढचा. (पाठीमागून कुणी अचानक हलकंसं ढकललं की कुठला पाय पुढे पडतो, हेही लोक बघतात, पण मला पाण्यातली परीक्षा जास्त खरी वाटते.) त्यानंतर एक स्की पाण्यात सोडून द्यायची. मोकळा झालेला पाय लगेच मागे ठेवायला जाऊ नकोस, आधी त्याचा अंगठा पाण्यातून ओढत ने, तोल आला की सावकाश मागच्या पट्ट्यात सरकव. त्या दिवशी पाय थरथरतील, मांड्या भरून येतील. येऊ देत.

आता स्लॅलम, ज्यासाठी तू विचारलंस.

पाण्यावर २५९ मीटर लांबीचा कोर्स मांडतात. बोट मधल्या रेषेतून सरळ जाते. स्कीअर दोन बोयांच्या (तरंगत्या गोळ्यांच्या) गेटमधून आत शिरतो आणि डावीकडे तीन, उजवीकडे तीन अशा सहा बोयांना आळीपाळीनं बाहेरून वळसा घालून दुसऱ्या गेटमधून बाहेर पडतो. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. सहाही झाल्या की वेग ३ किलोमीटरनं वाढतो. बायकांसाठी वरची मर्यादा ताशी ५५ किलोमीटर, पुरुषांसाठी ५८. ५५ च्या वेगानं सगळा कोर्स सतरा सेकंदांत संपतो. तुला खुर्चीतून उठून पाणी प्यायला तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात सहा वळणं!

वेग वरच्या टोकाला पोचला की पुढे दोर कमी करत नेतात. १८.२५ मीटरपासून सुरुवात, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि आणखी खाली. इथे जरा थांबून हिशेब कर. बोया ११.५ मीटरवर आहे आणि दोर ११.२५ चा. दोर पुरतच नाही. उरलेलं अंतर माणूस आपल्या अंगानं भरून काढतो: हात लांब, कंबर पाण्याला टेकेल इतकी कललेली, आणि स्की बोयाच्या पलीकडून जाते. पहिल्यांदा बोटीतून हे पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजही हे लिहिताना अंगावर काटा आला.

नवखी माणसं बोयाकडे बघत राहतात. बोयाचं वळण बिघडतं ते मात्र आधीच, गेटमधून उशिरा शिरल्यामुळे किंवा लाट ओलांडताना हात वाकवल्यामुळे. सुरुवातीला बोया नसलेल्या पाण्यावर नुसतं डावीकडून उजवीकडे, एका लयीत जात राहा. नंतर बोया मधल्या रेषेच्या जवळ घेतलेला मिनी कोर्स असतो, तिथून खरा कोर्स.

आता तुझा दादा. स्लॅलममध्ये निम्मा खेळ ड्रायव्हरचा असतो, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. स्कीअर बाजूला ओढतो तसं बोटीचं नाक वळू पाहतं आणि वेगही खाली येतो. ड्रायव्हरनं बोट सरळ आणि वेग एकसारखा ठेवायचा. स्पर्धेच्या बोटींवर वेग धरून ठेवायला यंत्रणा असते, इंजिन आणि वजन असं बसवलेलं असतं की मागची लाट बुटकी राहावी, आणि दोर बोटीच्या मध्यावरच्या खांबाला बांधलेला असतो. तो चालवतो त्या बामणोलीच्या लाँचला यातलं काही नाही आणि तिच्यामागे स्की बांधायचा विचारही करू नका. पण वारा कुठून येतो, पाणी कधी निवतं, उतारू चढताना बोट कशी स्थिर धरायची, हे तुझ्या दादाच्या हातात लहानपणापासून आहे. तू म्हणालीस, "आमच्याकडे काहीच नाही." अगं, तुझ्याकडे ड्रायव्हर आहे. मला तो शोधायला सातासमुद्रापार जावं लागलं.

पाण्याचं सांगते, आणि हे मन लावून वाच. सांगलीच्या कृष्णेत हा उद्योग करायचा नाही. भिलवडी-औदुंबरपासून हरिपूरपर्यंत मगरी आहेत, आणि पाण्यात पडून बोटीची वाट बघत तरंगणं हा या खेळाचा रोजचा भाग आहे. तुमचं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, लांबरुंद आहे, २०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र झाल्यापासून वेगाच्या बोटीही त्या पाण्यावर आल्या. मी काठानं हिंडले, तेव्हा बोया मांडलेला कोर्स मात्र मला कुठे दिसला नाही. आपण होऊन मांडायचाही नाही. वासोट्याकडची बाजू व्याघ्र प्रकल्पात येते, वन खातं आहे, जलसंपदा खातं आहे, परवानगीशिवाय एक गोळाही पाण्यात टाकू नका. शिवाय तुझ्या आजोबांचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. झाडांची खोडं, घरांची जोती अजून तिथे असतील. ऑक्टोबरात खोल असलेलं खोड मार्च-एप्रिलमध्ये वीतभर पाण्याखाली येतं, आणि वरून काही दिसत नाही. ताशी चाळीसच्या वेगानं त्यावर पडलीस तर पुढचं मी लिहीत नाही.

म्हणून पहिलं शिक्षण जिथे शिकवणारी बोट आणि शिकवणारा माणूस दोन्ही आहेत तिथे घे. काश्मीरला नगीन तलावावर वॉटर स्कीइंग बऱ्याच वर्षांपासून चालतं. स्कीसाठी साठवलेले पैसे त्या प्रवासाला ठेव. गेल्यावर पहिल्याच दिवशी "मला ओढा" म्हणू नकोस. "बोटीत बसू का? दोर गुंडाळून देऊ का?" असं विचार. दोर नीट गुंडाळणाऱ्या पोरीला कुणी काठावर ठेवत नाही.

दोन गोष्टी बाईमाणूस म्हणून सांगते, कारण शिकवणारा पुरुष असला तर तो संकोचेल. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट हवं, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. आणि खाली निओप्रीनची (जाड रबरी कापडाची) चड्डी घालायचीच. वेगात बसक्या अंगानं पडलं तर पाणी जोरानं शरीरात शिरतं आणि आत इजा होते. यात लाजायचं काही नाही.

आईला सांग, काकूंनी नको म्हटलेलं नाही. तिला भीती वाटणारच, तिचं सगळं माहेर त्या पाण्याशी झगडलंय. तिला एकदा माझ्याशी बोलू दे.

येत्या रविवारी दादाला घेऊन वाईला ये. माझं जुनं हँडल आणि दोर अजून आहेत. अंगणात गवतावर तू गुडघे छातीशी घेऊन बस, हात सरळ ठेव, दादा दोर ओढेल. तू हात वाकवलेस की मी ओरडेन. दहा वेळा न वाकवता उठलीस की मग जेवायला बसू.

तुझी
काकू